‘द मूनस्टोन’ मंडळात वाचायची तर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनमंडळात कोर्टातून निवृत्त झालेला मी एकटाच. त्यामुळे विल्की कॉलिन्सची ही १८६८ सालची जाडजूड कादंबरी कशी वाचायची, हे ठरवणं माझ्याच गळ्यात पडलं.

आधी जबान्या वाटून द्या. रेचल व्हेरिंडरला अठराव्या वाढदिवशी, २१ जून १८४८ ला, मामाच्या मृत्युपत्रातून पिवळा हिरा मिळतो आणि त्याच रात्री तो नाहीसा होतो. पुढे एकेक जण आपल्याला ठाऊक तेवढंच लिहून देतो, ऐकीव काही घालायचं नाही. कॉलिन्सनं बॅरिस्टरची सनद घेतली होती, वकिली मात्र केली नाही. ती विद्या अशी कामाला आली! कॉपीराइट केव्हाच संपलाय, तेव्हा ज्याची जबानी त्याला छापून द्या आणि पुढचं वाचायला सक्त मनाई करा.

कारभारी बेटरेजचा भाग सगळ्यांत मोठा. तो खणखणीत आवाजाच्या माणसाकडे. म्हातारा अडला की ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून कौल लावतो. पुढची साक्षीदार मिस क्लॅक लोकांच्या घरात धर्माची पत्रकं लपवून ठेवते. ती बाई कंटाळवाणी वाटते म्हणून पानं गाळू नका. आमच्याकडे वहिनींनी ती अशी काही वाचली, की सोसायटीतली दोन-तीन नावं सगळ्यांच्या ओठांवर आली.

रंगाच्या डागापाशी मात्र थांबा. रेचलच्या खोलीच्या दारावर, कुलपाखाली, ओला रंग पुसला गेलाय. स्थानिक फौजदार म्हणतो, गुरुवारी सकाळी अकराला मोलकरणींची गर्दी झाली, त्यांच्या घागऱ्यांनी झालं असेल. लंडनचा सार्जंट कफ एवढंच विचारतो, की हा रंग वाळायला किती वेळ लागतो? उत्तर मिळतं, बारा तास. आणि काम संपलं बुधवारी दुपारी तीनला. इथे पुस्तक मिटून मंडळींना हिशेब करू द्या. पहाटे तीनला रंग वाळलेला, म्हणजे घागरे निर्दोष सुटले. आता रात्री दाराला घासलेलं कापड कुणाचं? एका कागदावर दिवस, वेळ, माणूस असे तीन रकाने आखून ठेवा, पुढे जागोजागी लागतात.

सुरुवातीचा श्रीरंगपट्टणचा, १७९९ चा मजकूर कुणी गाळायला निघालं तर अडवा. हिरा मुळात लुटीचा, हे तिथेच कळतं. हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांवर संशय घ्यायला इंग्रज मंडळी टपलेलीच असतात, तेव्हा हे आठवायला हवं.

शेवट काठेवाडात, सोमनाथला होतो. आपल्या बडोद्यात सोमनाथ न पाहिलेला माणूस विरळा, त्यामुळे कॉलिन्सनं काय बरोबर लिहिलं नि काय चुकवलं यावर वाद पेटणारच. त्याला अख्खी बैठक राखून ठेवा आणि शेवउसळ त्याच दिवशी मागवा. मधे मागवलीत तर साक्षीदार फुटतात.