पीसीटीला निघायची तारीख ठरवताना या चुका टाळा

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडची लांबलचक पायवाट. तिचं नाव काढलं की साताऱ्यातली नवी पोरं एकच विचारतात, "आधी वाळवंट आहे ना? मग ऊन तापायच्या आत मार्चमध्येच निघू का?"

नका निघू. कोरड्या म्हसवडहून चालत महाबळेश्वरला जाणारा म्हसवडची हवा बघून निघत नाही, घाटात पाऊस कधी लागेल ते बघतो. इथंही तसंच आहे. वाट 4,265 किमीची, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत. तारीख ठरते ती पुढच्या बर्फावर.

मी हीच चूक केली. 20 मार्चचं परमिट मिळालं म्हणून घेतलं. वाळवंटात हवा झकास, रोज 22 किमी पडत होते. 10 मेच्या सुमारास केनेडी मेडोजला पोचलो, वाळवंट संपून उंच डोंगर सुरू होतात तिथं. 1,130 किमी झाले होते. पुढं सिएरा नेवाडाची डोंगररांग पांढरीशुभ्र. तिथंच थांबायला हवं होतं, पण घाई नडली. पहाटे टणक असलेला बर्फ अकरानंतर भुसभुशीत व्हायचा, पाय मांडीपर्यंत रुतायचा. दिवसभर झगडून सात किमी. चौथ्या दिवशी भरदुपारी ओढ्यात उतरलो, कमरेइतक्या पाण्यात पाय सुटला. काठी दगडात अडकली म्हणून वाचलो. बर्फ वितळून हे ओढे दुपारनंतर फुगतात, पहाटे उतरतात. 4,009 मीटरची फॉरेस्टर खिंड न बघताच मागं फिरलो.

आता मी तारीख उलटी मोजतो. वाटेच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टन राज्याच्या डोंगरात बर्फ पडायच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, संपवायचं. केनेडी मेडोज जूनच्या मध्याला. त्याआधीचे पन्नास दिवस वजा केले की एप्रिलचा शेवटचा आठवडा येतो. 2023 सारखा भरमसाट बर्फ असेल तर आणखी थांबायचं.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचे 21 किमी पळालात म्हणून रोजचे 35 धरू नका. पाठीवर ओझं असतं, आणि ते महिनोन्‌महिने असतं.

मेअखेरीला निघणंही चूकच. वाळवंटातला सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग हा टप्पा सुमारे 38 किमी, मध्ये भरवशाचा झरा नाही. त्या उन्हात तो जीवावर बेततो. उशीरच होणार असेल तर जूनअखेरीला कॅनडाकडून खाली या.

वाळवंट म्हणून गरम कपडे घरी ठेवू नका. सुरुवातीच्याच डोंगरावर, माउंट लगुनाला, एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो.

सराव आदल्या मे महिन्यात दहिवडीच्या माळावर करा. पाठीवर सहा लिटर पाणी घ्या, पहाटे चारला निघा आणि दहाच्या आत सावली गाठा.