लेआउटवरचा चिरा आणि डांबरी रस्ता : रंगवायचा कसा

गोव्यातलं स्टेशन किंवा गाव लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या छोट्या देखाव्यावर, करायचं असेल तर करड्या दगडाची तयार छापील शीट घेऊ नका. आपल्याकडे गडगा (दगडी कुंपण), विहीर, जुन्या घराचं जोतं सगळं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आणि चिरा कधीच एका रंगाचा नसतो. रंग काढण्याआधी आग्वाद किल्ल्याची तटबंदी नाहीतर जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चची बाहेरची भिंत बघून या, तिथला गिलावा मागेच काढून टाकलाय त्यामुळे चिरा उघडाच दिसतो. अगदी जवळ जाऊन बघा, ताजा तुटलेला भाग विटकरी, मधेमधे पिवळे ठिपके, जुना भाग तपकिरी आणि जिथे पावसाचं पाणी मुरतं तिथे पार काळा.

एचओ हा मॉडेल रेल्वेचा स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, त्यामुळे फूट-सव्वा फूट लांबीचा चिरा साधारण ४ मिमीचा होतो, उंची २ मिमीच्या थोडी वर. ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) घ्या, संपलेल्या बॉलपेनने दाबून सांधे काढा आणि मग तारेच्या ब्रशने उभं टोचत जा म्हणजे चिऱ्याची भोकं येतात. हे टोचणं कंटाळवाणं आहे पण टाळू नका, भोकं नसली तर ती विटेची भिंत दिसते.

बेसला बर्न्ट सायना, यलो ओकर आणि थोडा पांढरा, सगळे अॅक्रिलिक. वाळल्यावर मधलेच काही चिरे वेगळे रंगवा, एखादा पिवळट, एखादा जांभळट, शेजारशेजारचे नकोत. मग रॉ अंबर आणि काळा पाण्यासारखा पातळ करा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे रंग गोळा न होता भोकांत उतरतो, भिंतीवर सोडा आणि वरचा वर कापडाने टिपून घ्या. शेवटी ड्रायब्रश, ब्रश पेपरवर पुसत राहा, जवळजवळ रंग उमटेनासा झाला की फिकट नारिंगी हलक्या हाताने भिंतीवरून फिरवा.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात, पण खरी भिंत इथून पुढे होते. आपल्याकडे रंग ठरवतो पाऊस. तो नैऋत्येकडून येतो, म्हणून लेआउटवर आधी दिशा ठरवा आणि सगळ्या भिंतींची तीच बाजू जास्त काळी करा. भिंतीचा माथा काळा, तिथून खाली उतरणारे ओघळ, सावलीच्या बाजूला पायथ्याशी शेवाळाचा हिरवा. चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीला तर खालचा फूटभर पट्टा, म्हणजे ३-४ मिमी, तांबूस हवाच, पाऊस जमिनीवर आपटून माती उडते ना, त्याचा. एवढा एक पट्टा दिला की घर जमिनीत बसल्यासारखं वाटतं, नाहीतर वर नुसतं ठेवलेलं दिसतं.

आता रस्ता. एका लेनचा ३.७५ मीटर म्हणजे ४३ मिमी, दोन लेनचा ७ मीटर म्हणजे ८० मिमी, गावातल्या रस्त्याला ३५-३८ मिमीपण चालून जातं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, मधोमध खाली कार्डाची बारीक पट्टी द्या म्हणजे कडांकडे उतार येतो. डांबर काळं रंगवू नका, काळ्यात भरपूर पांढरा आणि किंचित रॉ अंबर घाला. नवीन हॉटमिक्सचा तुकडा तेवढा गडद, पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला चर आडवा आणि वेगळ्या छटेचा. लेनच्या मधे गाड्यांचं ऑइल गळतं त्याची अस्पष्ट गडद रेघ, रेल्वे फाटकापाशी गाड्या उभ्या राहतात तिथे ती जास्त ठळक. कडा सरळ कापू नका, कुरतडा आणि त्यावर तांबडी माती येऊ द्या.

माती खरीच वापरा, तव्यावर भाजून चहाच्या गाळणीने चाळा आणि पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवा. पण त्याआधी मातीतून लोहचुंबक दोनतीनदा फिरवा, आपल्या मातीत लोखंड भरपूर आणि ते कण इंजिनच्या मोटरला चिकटले की मोटर कामातून जाते. फाटकात रस्ता रुळांतून जातो तिथे रुळाच्या आतल्या बाजूची, चाकाची कड जाणारी फट मोकळी राहिली पाहिजे, आणि रुळावरचा रंग ओला असतानाच पुसा, नाहीतर करंट जात नाही.

सगळं झालं की मॅट वार्निश, चमक राहिली तर मेहनत पाण्यात. स्प्रे कॅन थर्माकोलवर मारू नका, तो विरघळतो, आणि पावसाळ्यात तर स्प्रे नकोच, दमट हवेत वार्निश पांढरं पडतं. जून ते सप्टेंबर अॅक्रिलिक मॅट वार्निश ब्रशनेच लावा, पातळ दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.