लघुग्रहाची वाट कशी बदलायची

निरीक्षणाच्या रात्री मुलं मला हमखास विचारतात, "सर, पृथ्वीवर आदळू शकणारा लघुग्रह बॉम्बने उडवून का देत नाहीत?" उडवला तर तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. धक्का द्यायचा, तोही वेळेत.

म्हणून आधी शोध. पुन्हा पुन्हा निरीक्षणं घेऊन कक्षा पक्की करा. 2024 वायआर4 या लघुग्रहाची पृथ्वीवर आदळण्याची शक्यता 3 टक्क्यांवर गेली होती. नवी निरीक्षणं आली आणि ती जवळजवळ शून्यावर आली. पहिल्या बातमीवर घाबरू नका.

मग धक्का. तो बाजूने नको, लघुग्रहाच्या गतीच्या दिशेने किंवा नेमका विरुद्ध द्या. वेग सेकंदाला फक्त 1 सेंटिमीटरने बदलला तरी साध्या गुणाकाराने 10 वर्षांत 3,150 किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय प्रदक्षिणेचा काळही बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक साधारण तिप्पट होतो. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर, म्हणजे काम झालं! हा हिशेब मी मुलांकडून वहीत करून घेतोच.

26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचं डार्ट यान सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर, म्हणजे डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर आदळलं. त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून जास्त घटला. उसळलेल्या दगडमातीनेही उलटा रेटा दिला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

सूर्याच्या दिशेकडून येणारा दगड मात्र दिसत नाही. 2013 मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कला तसंच झालं. आकाशात लखलखाट दिसला तर खिडकीपासून लांब व्हा; हादरा नंतर येतो आणि काचा फुटतात.