कापूस खरेदीची यादी डेटाबेसमधून टेक्स्ट फाइलमध्ये कशी काढावी

काटापूजन होऊन म्हणजे हंगाम सुरू होऊन कापसाची आवक वाढली की धरणगाव, चोपडा, जामनेरकडच्या जिनिंगांत संगणकावर दिवसभर काटापट्ट्या (गाडीच्या वजनाच्या पावत्या) चढत राहतात. मग बँकेत चुकारे म्हणजे शेतकऱ्यांचे पैसे टाकायचे असतात, सीएला खरेदीची यादी द्यायची असते. ही यादी स्क्रीनवरून कॉपी-पेस्ट करून देऊ नका. खाते क्रमांकातला एक आकडा जरी गळाला तरी एखाद्या शेतकऱ्याचे पैसे अडकतात. सरळ डेटाबेसमधूनच टेक्स्ट फाइल काढावी. अनेक ठिकाणी मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर असतं, म्हणून तेच धरून सांगतो. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

आधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा, नीट लिहा. 'सिलेक्ट *' (सगळे कॉलम द्या) लिहून सगळं उपसू नका. नाव, गाव, तालुका, खाते, रक्कम एवढे कॉलम नावानिशी मागा. तालुका हवाच, कारण पिंप्री नावाची गावं खान्देशात एकाहून जास्त तालुक्यांत आहेत. 'ऑर्डर बाय' हा क्रम ठरवणारा भाग लावून काटापट्टीच्या क्रमाने यादी मागा. ते नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याचा भरवसा नाही.

तारखेपाशी विशेष जपा. तारखेच्या कॉलममध्ये वेळही साठवली असेल आणि तुम्ही '१ ते ७' असं 'बिटवीन' (या दोन तारखांच्या दरम्यान) लावलं, तर ७ तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या गाड्या यादीतून सुटतात. त्या दिवसाचा अख्खा काटा गायब होतो आणि एररही येत नाही. म्हणून अट अशी घाला: तारीख १ पासून पुढे आणि ८ च्या आत.

ही क्वेरी 'यादी.एसक्यूएल' नावाने सेव्ह करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, मायएसक्यूएलच्या 'बिन' फोल्डरमध्ये जा आणि हे द्या (जिनिंग हे डेटाबेसचं नाव, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर पूर्ण पाथ द्या):

मायएसक्यूएल -यू वापरकर्ता -पी --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ जिनिंग < यादी.एसक्यूएल > यादी.टीएक्सटी

पासवर्ड विचारला जाईल, तो दिला की फाइल तयार. पहिल्या ओळीत कॉलमची नावं येतात आणि दोन कॉलममध्ये टॅब असतो. कॅरेक्टर सेटचा (अक्षरं कशी साठवायची ते सांगणारा) तो लांबलचक भाग गाळू नका. तो नसला तर 'चाळीसगाव'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येऊ शकतात. हे काम पॉवरशेलमध्येही (विंडोजची कमांड देण्याची दुसरी खिडकी) करू नका. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये '>' चिन्हाने फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षर-पद्धतीत लिहिली जाते आणि पुढचं सॉफ्टवेअर ती वाचताना अडतं.

दुसरी वाट म्हणजे क्वेरीतच 'इनटू आउटफाइल' लिहिणं. माझं मत विचाराल तर पहिलीच बरी. आउटफाइलची फाइल तुमच्या संगणकावर बनत नाही, सर्व्हरवर बनते. काट्यावर बसून कमांड दिली आणि सर्व्हर ऑफिसात असेल तर फाइल ऑफिसातच सापडेल. शिवाय वापरकर्त्याला 'फाइल'ची परवानगी लागते, त्या नावाची फाइल आधीच असली तर नवी लिहिली जात नाही, आणि 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' या सेटिंगमध्ये ठरवलेल्या फोल्डरबाहेर लिहिता येत नाही. कॉलमची नावंही आपोआप येत नाहीत.

टॅबऐवजी स्वल्पविराम, म्हणजे सीएसव्ही, कोणी मागितलं तर आधी पत्त्याचा कॉलम बघा. 'मु. पो. साकळी, ता. यावल' या एका पत्त्यात स्वल्पविराम आहे. तिथे ओळ तुटून रक्कम भलत्याच कॉलममध्ये जाते. असे मजकूर दुहेरी अवतरणात टाकायला हवेत. पत्ता लागतच नसेल तर मागूच नका, आणि चालत असेल तर टॅबवरच राहा.

आता एक्सेल. फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं, आणि १५ पेक्षा जास्त आकडे असले तर पुढच्या आकड्यांची शून्यं करतं. तशी फाइल सेव्ह झाली की मूळ क्रमांक त्या फाइलमधून कायमचा गेला. 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' निवडा, एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ठेवा, आणि खात्याच्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' करा.

पाठवण्याआधी ताळा करा. त्याच अटीने 'काउंट' (ओळींची संख्या) आणि 'सम' (रकमेची बेरीज) काढणारी वेगळी क्वेरी चालवा. फाइलमधल्या ओळी मोजायला कमांड प्रॉम्प्टवर:

फाइंड /सी /व्ही "" यादी.टीएक्सटी

हा आकडा 'काउंट'पेक्षा एकने जास्त यायला हवा, कारण पहिली ओळ नावांची आहे. रकमेची बेरीजही पैशापर्यंत जुळवा. ताळा करताना काट्यावर नवी नोंद चालू असेल तर आकडे हलतात, म्हणून पूर्ण झालेल्या दिवसांचीच यादी काढा. मग फाइलमध्ये 'नल' (रिकामी जागा) हा शब्द इंग्रजीत शोधा. तो खात्याच्या कॉलममध्ये दिसला तर त्या शेतकऱ्याचा खाते क्रमांक भरायचाच राहिला आहे; पासबुक मागवून तो भरा आणि यादी पुन्हा काढा.

या फाइलमध्ये गावोगावच्या लोकांचे खाते क्रमांक आहेत. ती व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका, आणि बँकेचं काम झालं की डेस्कटॉपवरची प्रत काढून टाका. यादी पुन्हा लागली तर क्वेरी सेव्ह आहेच.