तुमची ऑर्डर नक्की जाते कुठे?

इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायचे सौदे, शिकायला येणारा जो तो मला चार्टबद्दल विचारतो. आपली ऑर्डर एनएसई आणि बीएसई या दोन शेअर बाजारांपैकी (एक्स्चेंजपैकी) कुठे जाते, हे विचारणारा क्वचितच भेटतो. तिथूनच सुरुवात करा, असं मी कळकळीने सांगेन.

ऑगस्ट 2010 मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने स्मार्ट ऑर्डर राउटिंगला परवानगी दिली. ही सोय चालू असली की दोन्हीकडचे भाव बघून ब्रोकरची यंत्रणाच तुमची ऑर्डर चांगल्या भावाकडे पाठवते, कधी कधी तुकडे करूनही. त्या तुकड्यांनीच मला पहिला धडा दिला. 400 शेअर विकायचे होते. 250 एनएसईवर विकले गेले, 150 बीएसईवर. घाईत माझी नजर फक्त एनएसईच्या ओळीवर होती. उरलेले 150 अजून विकायचेत असं समजून मी पुन्हा विक्री टाकली आणि नकळत 150 शेअरची शॉर्ट पोझिशन करून बसलो, म्हणजे हातात नसलेले शेअर विकून बसलो. लक्षात येईपर्यंत भाव तीन रुपयांनी चढला होता. साडेचारशे रुपये गेले, वर ब्रोकरेज. तेव्हापासून प्रत्येक सौद्यानंतर ऑर्डरबुकमधला एक्स्चेंजचा रकाना वाचल्याशिवाय मी पुढची ऑर्डर टाकत नाही. राउटिंग नको असेल तर त्या ऑर्डरपुरतं ते नाकारता येतं. ते बटण कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

दुसरा बदल 2019 चा, क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या (सौद्यांच्या पैशांचा आणि शेअरचा हिशेब पुरा करणाऱ्या संस्थांच्या) इंटरऑपरेबिलिटीचा, म्हणजे परस्पर जोडणीचा. त्याआधी एनएसईवर घेतलेला माल बीएसईवर विकला तरी हिशेब दोन ठिकाणी वेगवेगळा व्हायचा. आता दोन्हीकडच्या सौद्यांची सेटलमेंट एकाच क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे होऊ शकते.

याचं मोल 24 फेब्रुवारी 2021 ला कळलं. सकाळी 11.40 ला एनएसईवरचे व्यवहार थांबले, बीएसई चालू होती. दुपार सरत आली तशा अनेक ब्रोकरांनी ग्राहकांच्या इंट्राडे पोझिशन बीएसईवर स्क्वेअर ऑफ केल्या, म्हणजे उलटा सौदा करून बंद केल्या. मग 3.45 ला एनएसई पुन्हा सुरू झालं आणि बाजार पाचपर्यंत चालला. म्हणजे नियमाने बाहेर पडायला दुसरं दार दिलं होतं, पण ते कधी उघडायचं हे ब्रोकरच्या हातात होतं. शिवाय बऱ्याच शेअरमध्ये बीएसईची डेप्थ, म्हणजे समोर उभ्या असलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डर, पातळ असते. तिथे 2,000 शेअर मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, फुंकले, तर समोरच्या पाच बिड (खरेदीच्या बोली) खाऊन भाव कुठल्या कुठे जातो. अशा वेळी आपला भाव ठरवून दिलेली लिमिट ऑर्डरच टाका.

एक एक्स्चेंज बंद पडलं तर दुसऱ्याने पर्याय म्हणून उभं राहायचं, ही व्यवस्था सेबीने 1 एप्रिल 2025 पासून लागू केली. तरीही ब्रोकरला दोन प्रश्न लेखी विचारा. एनएसईवरची इंट्राडे पोझिशन मला स्वतःला बीएसईवर काढता येईल का? आणि बाजाराची वेळ वाढली, तर तुमचं ऑटो स्क्वेअर ऑफ किती वाजता चालेल? उत्तर येईपर्यंत थोड्याच क्वांटिटीत सौदे करा.