हातकाम करणाऱ्या, रानात रमणाऱ्या माणसाची स्मरणिका कशी काढावी

सुतारमिस्त्री, वेल्डर, मोटार मेकॅनिक अशा माणसाच्या मागे कागद फार राहत नाहीत. राहतात त्याने बसवलेली दारं, झिजलेली हत्यारं आणि पाच-पंचवीस लोकांच्या डोक्यातल्या गोष्टी. त्यातून तो सुट्टी मिळाली की नागपूरजवळच्या पेंच, उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलात नाहीतर खिंडसी तलावाच्या काठाला निघणारा असेल, तर त्याचं निम्मं आयुष्य घरच्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून लिहायला बसण्याआधी गोळा करत फिरावं लागतं. इथे उदाहरण सुतारमिस्त्रीचं धरलं आहे. बाकी धंद्यांना हत्यारं बदलतील, रीत तीच.

तेरवीपर्यंत पुस्तिका छापायचा हट्ट धरू नका. घरात पाहुणे असतात, कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि घाईत एखाद्या बहिणीचं किंवा जावयाचं नाव सुटतं. ती नाराजी वर्षानुवर्षं राहते. तेरवीला ए-फोर आकाराचा एकच कागद पुरे: एक चांगला फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, मूळ गाव, धंदा, घरच्यांची नावं आणि दीडशे शब्दांचा मजकूर. नावाआधी काय लावायचं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. काही घरांत ‘कै.’ चालतं, बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ किंवा ‘स्मृतिशेष’ लिहितात आणि कार्यक्रम पुण्यानुमोदनाचा असतो. पुस्तिका वर्षश्राद्धाला, म्हणजे पहिल्या स्मृतिदिनाला काढा.

आधी त्यांचा मोबाईल

पहिल्या आठवड्यात करायचं काम हे आहे, आणि नेमकं हेच राहून जातं. सिमचं रिचार्ज चालू ठेवा, नाहीतर काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि त्यावर येणारे ओटीपीही गेले. व्हॉट्सॲपचं खातं साधारण 120 दिवस वापरात नसलं की काढून टाकलं जातं. फोन रिसेट करून नातवाला देऊ नका. महत्त्वाच्या माणसांबरोबरच्या चॅट ‘मीडियासह एक्सपोर्ट’ करून घ्या. त्यांचा आवाज बहुतेक वेळा त्यांच्या फोनपेक्षा दुसऱ्यांच्या फोनमध्ये जास्त असतो; गिऱ्हाइकाला पाठवलेलं ‘उद्या सकाळी नऊला येतो, चौकट मोजून ठेवा’ एवढं जरी मिळालं तरी मागून घ्या. सगळं दोन ठिकाणी ठेवा. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका.

फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून लांब बाजूला बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास येतो. छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे तो जेमतेम पाच इंच चांगला छापतो. मोठा केला की चेहरा पुसट. जुने पोस्टकार्ड आकाराचे फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेलाच राहतो. काचेसकटच स्कॅन करा.

माहिती कशी विचारावी

‘काकाजी कसे होते?’ असं विचारलं की ‘फार प्रेमळ, मनमिळाऊ’ हेच उत्तर येतं आणि ते कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी गिऱ्हाइकाला विचारा: तुमच्याकडे काय बनवलं, कोणत्या साली, लाकूड कुठलं होतं, अजून आहे का, कधी दुरुस्त करावं लागलं? त्यांच्या हाताखाली शिकलेल्याला विचारताना त्यांचा रंधा किंवा पटाशी त्याच्या हातात द्या. नुसत्या प्रश्नाने जे आठवत नाही ते हत्यार हातात आल्यावर आठवतं: धार कशावर लावायचे, कोणत्या कामाला कुणाला हात लावू देत नव्हते, चांदा (चंद्रपूरकडचा) साग आणि साधा साग वासावरून कसा ओळखायचे. फोन मधे ठेवून रेकॉर्ड करा, पंखा बंद करा. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास बास.

त्यांनी केलेल्या दारा-कपाटांचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात घ्या. समोरून फ्लॅश मारला तर पॉलिश चमकतं आणि सांधा, रंध्याचा हात, बिजागरीची बैठक यातलं काहीच दिसत नाही. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक फक्त सांध्याचा. घरमालकाची परवानगी घ्या, त्याचा पत्ता मात्र छापू नका.

बायकोला शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत. गर्दी ओसरली की, दुपारच्या निवांत वेळी, तिच्याजवळ बसा. घरचा माणूस म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं ते इथूनच मिळतं: महिन्याचे पैसे कुणाच्या हातात देत, पोरीच्या लग्नातलं कपाट स्वतः केलं की विकत आणलं, रागावले की काय करत. गुणांची यादी टाळा. एक सवय नीट लिहा, तीच पुरेल. तिला छापायला नको असेल ते छापू नका, आणि हे तिला आधीच सांगून ठेवा.

रानातला भाग

बरोबर जाणाऱ्या दोन-तीन मित्रांना एकत्र बसवा. एकटा माणूस जागा विसरतो, तिघे एकमेकांना दुरुस्त करतात. नकाशा उघडून त्यांच्याकडून खुणा करून घ्या. अशा लोकांनी वळणांना, झाडांना आपापली नावं ठेवलेली असतात आणि ती कुठल्याच नकाशावर नसतात. सालं आठवत नसतील तर हंगाम धरा: मोहफुलं पडायची होती की संपली होती, पळस फुलला होता का. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या मचाणावर पाणवठ्याच्या प्राणीगणनेला बसले असतील तर त्यांच्या हातचा तक्ता शोधा. हस्ताक्षर, वेळा आणि नोंदी एकाच कागदावर मिळतात.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. भिंतीवर सांबराचं किंवा चितळाचं शिंग असेल तर ते सजावटीत, फोटोत वापरू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरतो, गळून पडलेलं उचललेलं असलं तरी. जुना परवाना सापडतो का पाहा आणि वनखात्याकडे रीतसर चौकशी करा. माणूस कितीही सरळ असो, त्याच्या मागे घरच्यांना हा ताप नको.

हत्यारं

सगळी हत्यारं साफ करून चकाचक करण्याचा मोह आवरा. रंध्याच्या मुठीवर अंगठ्याने पडलेली खोबण, पटाशीच्या दांड्यावर ठोकलेली अक्षरं, पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेला हिशेब, याला पॉलिशपेपर लावू नका. आधी जसंच्या तसं फोटोत घ्या. मग लोखंडावरची धूळ ब्रशने झाडा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, गंज असेल तिथेच अगदी बारीक स्टीलवूल हलक्या हाताने फिरवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. ग्राइंडर नकोच. पातं तापून निळं पडलं की धारेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि पुढे त्या पटाशीने कुणाला काम करता येत नाही.

लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. ती तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं. गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर जपायलाच हवं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका. हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, पावसाळ्यात कागद ओल धरतो. एकदोन हत्यारं वापरणाऱ्याच्या हातात द्या. बाकीची पेटी घरी.

छपाई

पुस्तिका ए-फाइव्ह, सोळा पानांची ठेवा. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात; अठरा केलीत तर दोन कोरी येतील. पानाला साधारण दोनशे शब्द धरा. नागपूरच्या बर्डी-महालातल्या प्रेसवाल्यांकडे अजूनही जुने श्रीलिपी फॉन्ट असतात आणि मोबाईलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर त्यात बदलताना अक्षरं फुटतात. म्हणून शक्यतो तयार पीडीएफ द्या. कागदी प्रूफ मागा आणि ‘ऱ्य’, ‘ॲ’, ‘द्ध’ असलेले शब्द बोट ठेवून वाचा. नावं मात्र दोघांनी तपासावी: एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. प्रती मोजताना गिऱ्हाईक, शागीर्द आणि रानातले सोबती धरा, नाहीतर ज्यांनी माहिती दिली त्यांनाच प्रत मिळत नाही.