उंदराचे वृषण पोटात बसवताना या चुका टाळा

वृषण खाली न उतरण्याचा परिणाम अभ्यासायचा तर उंदराचे वृषण शस्त्रक्रियेने पोटात बसवतात. अंडकोश पोटापेक्षा साधारण 2 ते 4 अंशांनी थंड असतो. हा फरक गेला की शुक्रपेशी मरतात. पण रक्तपुरवठा तुटला तरी त्या मरतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

वृषण चिमट्यात धरून ओढू नका. त्याला लागून असलेली चरबी धरा, गुबर्नॅक्युलम (वृषणाला अंडकोशाशी बांधणारा पट्टा) कापा आणि टाका त्या चरबीतूनच पोटाच्या भिंतीला घाला. वृषणाच्या आवरणातून टाका घेतला तर लगतची धमनी टाक्यात अडकण्याची भीती असते. टाका आवळण्याआधी शुक्ररज्जूला (वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनीची दोरी) पीळ नाही ना, ते बघा. वृषण काळेनिळे दिसू लागले तर लगेच टाका काढा, पीळ उलगडा, रंग परत येईपर्यंत थांबा.

चूक झाली की नाही, हे पुढे सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड सांगतेच. उष्णतेने पॅकिटीन अवस्थेतल्या (विभाजनाच्या मधल्या टप्प्यातल्या) पेशी आणि गोल स्पर्माटिड (अजून शेपूट न आलेल्या शुक्रपेशी) आधी जातात, त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशी टिकतात. रक्तपुरवठा तुटला असेल तर शुक्रपेशी बनवणाऱ्या नलिका आणि त्यांच्या मधल्या, संप्रेरक बनवणाऱ्या लेडिग पेशी सरसकट मेलेल्या दिसतात. असा उंदीर वेगळा नोंदवा, गटाच्या सरासरीत मिसळू नका.

उंदराची जांघेतली वाट आयुष्यभर उघडी राहते, त्यामुळे टाका सुटला की वृषण पुन्हा खाली येते. अंडकोश अधूनमधून हलक्या हाताने चाचपा. शेवटच्या दिवशी वृषण कुठे सापडले, हे प्रत्येक उंदरापुढे लिहा.

नागपुरात आणखी एक अडचण आहे. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेर पारा 45 च्या आसपास जातो. अ‍ॅनिमल हाऊसचा एसी बंद पडला तर शॅम गटाचे (नुसती चीर देऊन वृषण जागेवरच ठेवलेल्या उंदरांचे) वृषणही तापते आणि तुलनाच बिघडते. कूलरवर भागवू नका, आर्द्रता वाढते. जमेल तर शस्त्रक्रिया हिवाळ्यातच ठेवा. भुलीत उंदीर गार पडतो म्हणून हीटिंग पॅड लागतोच, पण अंडकोश थेट त्यावर टेकू देऊ नका, घडी केलेले कापड मध्ये ठेवा. याकडे फार कमी जण बघतात.

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि वेदनाशामक हे गृहीतच आहे.

प्रौढ उंदरावरचे हे मॉडेल उष्णतेचे आहे, जन्मजात दोषाचे नाही. गर्भात किंवा बाळपणी वृषण का उतरले नाही, हा तुमचा प्रश्न असेल तर गाभण मादीला फ्लुटामाइड (पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखणारे औषध) देण्याची पद्धत घ्या.